ग्रुनेन्टालचं वळण

माझी बायको वीब्के भांडायला लागली की आवाज चढवत नाही, उतरवते. त्या सकाळी ती इतकं हळू बोलली की मला हातातला पाव खाली ठेवून ऐकावं लागलं.

"अस्मुस, कालव्याचा तळ मऊच आहे ना?"

"वाळू नि गाळ. का गं?"

"म्हणजे जहाज रुतलं तर कुणी मरत नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे. बाकीच्यांचं फिरलंय. अडकू दे ते धूड पंधरा दिवस. तोवर बर्लिनवाल्यांची डोकी थंड झाली तर झाली. माझा पोरगा तरी तेवढे दिवस घरापाशी राहील."

मी टोपी उचलली आणि रेन्ड्सबुर्गची गाडी धरायला स्टेशनवर गेलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

एकोणीसशे चौदाचा जुलै संपत आला होता. लढाई आज लागते की उद्या, एवढाच प्रश्न उरला होता. आमचा एकुलता एक देतलेफ, वीब्के ज्याला धूड म्हणाली त्याच युद्धनौकेवर बॉयलरखोलीत कोळसा ओढत होता, आणि ती नौका कालव्यातून काढायची पाळी नेमकी माझ्यावर आली होती. लोक याला योगायोग म्हणतात. मी शिवी देतो.

मी बाल्टिक नि उत्तर समुद्र जोडणाऱ्या कालव्याचा सुकाणूवाला. पंच्याण्णव साली कालवा उघडला, तोफा उडाल्या, बँड वाजले, तेव्हापासून हेच करतोय. कप्तान कितीही मोठा असू दे, कालव्यात शिरला की चाक आमच्या हातात द्यायचं. पुढे आरमाराने जहाजं इतकी फुगवली की ती कालव्यात मावेनात. बाल्टिकमधून उत्तर समुद्रात जायचं तर अख्ख्या डेन्मार्कला वळसा. मग सात वर्षं खणून कालवा रुंद केला, आणि गेल्याच महिन्यात पुन्हा तोफा, पुन्हा बँड. आता तेच आरमार सकाळी या समुद्रात, संध्याकाळी त्या समुद्रात. पण एक जहाज आडवं झालं की मागची सगळी बाल्टिककडच्या टोकाला, कील बंदरात कोंडली जाणार. वीब्केला हे पुरतं ठाऊक होतं. एकोणीस वर्षं सुकाणूवाल्याचा संसार केलाय तिने.

कालव्याच्या मधल्या टप्प्यावर, रेन्ड्सबुर्गला मी चढलो आणि कीलपासून आलेल्या सुकाणूवाल्याकडून चाक घेतलं. आमचा पायलट, म्हणजे कालव्याची वाट सांगणारा, वर कप्तानापाशी उभा होता, त्याचे हुकूम बोलायच्या नळीतून खाली यायचे. माझ्या शेजारी फॉन लेस्टोव नावाचा तरणा लेफ्टनंट घड्याळ हातात धरून उभा.

"आजोबा, याहून जोरात नाही का जात?"

"जातं की. मग काठही सोबत येतो."

त्याला ते आवडलं नाही. थोड्या वेळाने वरूनच वेग वाढवायचा हुकूम आला. किती वेळात पार झालो ते बर्लिनला कळवायचं होतं म्हणे. माझ्या पायाखालची फळी थरथरायला लागली. दोन्ही काठांवरचं पाणी ओढलं जाऊन खालचे दगड उघडे पडत होते. एकदा मनात आलं, आत्ताच फिरवावं चाक. हात हलले नाहीत. भित्रा कुठला, असं मी स्वतःलाच म्हणालो.

ग्रुनेन्टालचा उंच पूल मागे पडला आणि पुढच्या वळणावर जहाजाने उजवा काठ धरला.

हे समजून घ्या. अरुंद पाण्यात मोठं जहाज काठाजवळ गेलं की काठ त्याचं शेपूट ओढून घेतो आणि तोंड पलीकडे ढकलतो. त्यावर उपाय एकच, आणि बघणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो. ज्या काठाला जहाज चिकटतंय, त्याच काठाकडे चाक फिरवायचं. उलटं फिरवलं तर संपलंच. शेपूट या काठात, तोंड त्या काठात.

लेफ्टनंटने उजवीकडे पाहिलं. गवत हाताला लागेल इतकं जवळ आलं होतं.

"डावीकडे!" तो किंचाळला. "पूर्ण डावीकडे! हुकूम आहे!"

नळीतून अजून काहीच येत नव्हतं. माझ्यावर बालंट यायचं कारणच नव्हतं. आरमाराच्या अधिकाऱ्याने चार माणसांसमोर हुकूम दिला होता. मी तो नुसता पाळायचा होता. वीब्केने मागितलं ते देवाने ताटात वाढून पुढे ठेवलं होतं.

मी चाक उजवीकडे फिरवलं. पूर्ण.

"काय करतोस, हरामखोरा!" त्याने माझा दंड धरला. मी त्याला कोपराने ढकललं. तेवढ्यात नळीतून पायलट ओरडला, "उजवीकडे, अस्मुस, उजवीकडे!" जहाज कण्हलं, तोंड थबकलं, आणि इंच इंच करत मधे आलं. लेफ्टनंटचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ब्रुन्सब्युटेलला, कालव्याच्या शेवटी, पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांमध्ये जहाज थांबलं तेव्हा मी उतरलो. वरून हाक आली. देतलेफ कठड्यावर ओणवा झाला होता. तोंड काळंकुट्ट, दात तेवढे दिसत होते.

"बाबा! तूच होतास ना चाकावर? खाली सगळं हललं तेव्हा पोरं घाबरली. मी म्हटलं, गप बसा रे, वर माझा बाप आहे!"

मी हात हलवला.

आमचं घर तिथून जवळच. वीब्के चुलीपाशी उभी होती. तिने जहाजाचा भोंगा ऐकला होता, तरी विचारलं, "रुतलं?"

मी सगळं सांगितलं, लेफ्टनंटचा हुकूमसुद्धा. लपवायला हवं होतं, पण तिच्याशी खोटं बोलायची सवय नाही.

"म्हणजे तुला काही करायचंसुद्धा नव्हतं," ती म्हणाली. "जन्मभर सगळ्यांचं ऐकलंस. पाद्र्याचं, साहेबांचं, माझ्या बापाचं. आजच कशी अवदसा आठवली?"

"मी नाही गं. हातांनी केलं."

तिने पातेल्यातला डाव काढून माझ्यापुढे ठेवला.

"मग आता त्याच हातांनी वाढून घे," ती म्हणाली, आणि देतलेफचं जहाज बाहेर पडताना दिसतंय का ते बघायला बांधावर गेली.