उजवा गाल, डावा गाल

मायबाई, माझ्या तोंडाची गोष्ट निघाली की मी अजूनही आधी गालाले हात लावून पाहते. माझी कातडी लहानपणापासूनच नखरेल. उन्हात गेली की लाल, चुलीपुढे बसली की लाल, तिखट खाल्लं की लाल. माहेरी आमगावले सारे मले पिकलं टमाटर म्हणत, अन् मीही हसून सोडून देई. मग लगीन होऊन केशोरीले आली, पोरगी फुलवंता झाली, अन् त्यानंतरच्या उन्हाळ्यात लाली काही उतरेचना. दोन्ही गालांवर चट्टे उठले ते तिथंच बसले.

इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा लाल चट्टा म्हटला की गावाच्या डोक्यात एकच रोग येई. त्याचं नाव कोणी घेत नव्हतं, ‘मोठा रोग’ म्हणत. पतिरामच्या बायकोले असाच चट्टा उठला, तर तिले नाल्यापलीकडे झोपडीत नेऊन ठेवलं. जेवण दगडावर ठेवायचं अन् मागे सरायचं. तिची लेकरं अलीकडून ‘माय, माय’ करत, अन् ती तिकडून नुसता हात हलवे. तिथंच मेली बिचारी. माझी फुलवंता तेव्हा अंगावर पीत होती. मले मरायचं भेव नव्हतं. पोरगी अंगावरून ओढून नेतील, याचं भेव होतं.

मोठ्या रोगाच्या चट्ट्यात काटा टोचला तरी समजत नाही, हे आमच्याकडे सगळ्याइले माहीत. मी कितीदा बाभळीचा काटा घेऊन माजघरात बसली. पण हिंमत होईना. टोचला अन् नाही दुखलं तर? काटा तसाच पदराच्या गाठीत बांधून ठेवी.

सासूले आम्ही मामी म्हणतो. माझी मामी रुख्माबाई म्हणजे तोंडाची फटकळ अन् कामाले वाघीण. कोंबडी आडवी आली तर तिच्याशीही भांडणारी बाई, पण माझे चट्टे पाहिले अन् चूप झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमचे मालक अर्जुनीहून गाडीनं गोंदियाले गेले, तर माझ्यासाठी काचेच्या बाटलीत तोंडाले लावायचा स्नो घेऊन आले. पांढरा फेस अन् गुलाबाचा घमघमाट.

“यात काय काय घातलं आहे?” मी विचारलं.

“दुकानदार म्हणे, मोम अन् गुलाब का इत्र. बाकी कंपनीले माहीत.”

“कंपनी येते का तोंड धुवायले?” मामी पहिल्यांदा बोलली. “मी मलम करते. टोरीचं तेल, मेण, हळद अन् कडुनिंबाचा पाला. सगळं आपल्या डोळ्यापुढचं.”

टोरीचं तेल म्हणजे मोहाच्या बियांचं. घरात भरपूर होतं. मालक हसले, “भांडता कायले? उजव्या गालाले स्नो लाव अन् डाव्याले मलम. पाहू कोण जिंकते.”

त्याइले गंमत वाटली. माझा जीव टांगणीले लागला होता.

स्नो लावला की उजवा गाल चुरचुरे. इत्रच बाधत असेल त्यातलं. पण थोड्या वेळानं गाल होता तसा होई, बरा नाही अन् वाईटही नाही. डाव्या गालाची गोष्टच वेगळी. मामी सकाळी आपल्या हातानं मलम चोळून देई, अन् संध्याकाळपर्यंत गालात विस्तव पेटे. मग बारीक फोड आले. मग डोळ्याखाली सूज आली. मी म्हणे, “मामी, आग होऊन राहिली,” तर ती म्हणे, “होऊ दे. आग झाली म्हणजे दवा लागू पडून राहिली.”

विहिरीवर गेली तर नंदाबाईनं अर्धी भरलेली बादली उचलली अन् वाट धरली. रोज माझ्या डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड चढवून देणारी बाई! मी एकटीच विहिरीवर उभी राहिली.

त्याच आठवड्यात आमच्या धानाच्या बांधीकडे गेली, तर शेताच्या धुऱ्यावरच्या जुन्या झोपडीच्या छपरावर गावातला केवळराम धानाचं तणस चढवून राहिला होता. वर्षानुवर्षं पडलेली झोपडी ती. कुत्रं जात नव्हतं तिथं.

“कोणासाठी गा, केवळरामभाऊ?”

“तुझ्या सासूनं सांगितलं. पावसाच्या आत पक्की पाहिजे म्हणे.” त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी कशी आली, मले माहीत नाही. पोरीले छातीशी धरली ती सोडेचना. आता एकेक गोष्ट ध्यानात आली. मामी कितीतरी दिवसांपासून फुलवंताले उचलत नव्हती. पोरगी रडली तर ओसरीवरून मले हाका मारी, पण हात लावत नव्हती. मी समजे, नातू पाहिजे होता, नात झाली, म्हणून फुगली आहे म्हातारी. आता वाटलं, तसं नाही. हिनं मले कधीच रोगी ठरवून टाकलं आहे. अन् गाल बरा झाला तर झोपडी रिकामी राहील, म्हणून मलमातच काही घालते ही बाई!

संताप आला अन् संतापानं डोकं चालू झालं. मामी पाण्याले गेली तेव्हा मी तिनं सांगितलं तस्संच मलम केलं. तेच टोरीचं तेल, तेच मेण, तीच हळद, तोच पाला. एका मनगटाले माझं लावलं, दुसऱ्या मनगटाले मामीच्या वाटीतलं. बांगड्या वर सारल्या अन् वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या मलमाचं मनगट पिवळं, बस. मामीच्या मलमाचं मनगट सुजून लाल, त्यावर फोडांची रांग.

म्हणजे तिच्या वाटीत पाचवी वस्तू होती. धान्याच्या कोठीमागे हात घातला, तर फडक्यात बिबे सापडले. ठेचलेले, काळ्या तेलानं माखलेले. बिब्याचं तेल कातडीले लागलं की फोड येतात, हे आमच्याकडे लेकरालेही सांगावं लागत नाही.

मी फडकं घेऊन सरळ चुलीपुढे गेली. मामी भात शिजवून राहिली होती. फुलवंता तिकडे चटईवर खेळत होती.

“हे काय आहे? तुम्ही मले जाळून राहिल्या, मामी? झोपडीत टाकायची इतकी घाई झाली?”

मामीनं फडक्याकडे पाहिलं. नाही म्हटलं नाही तिनं. “मोठ्या रोगाले बिब्याशिवाय दवा नाही. माझी माय सांगे. तुले सांगितलं असतं तर तू भेली असती.”

“मले रोग नाही!” मी ओरडली. अन् त्या रागाच्या भरात पदराची गाठ सोडली, काटा काढला अन् उजव्या गालात खुपसला. “आई गं!” रक्ताचा थेंब आला. डाव्यात खुपसला, तर ब्रह्मांड आठवलं. “पाहा! दुखते! दोन्हीकडे दुखते मले!”

मी रडत होती अन् हसतही होती. सुटली रे देवा, सुटली!

मामी मटकन खाली बसली. “दुखते ना? खरंच दुखते ना?” असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तिच्या डोळ्यातून धार लागली. तेवढ्यात भात उतू आला, तर तिनं चुलीवरचं तापलेलं भाताचं गंज दोन्ही हातांनी धरून खाली ठेवलं. फडकं नाही, काही नाही. सावकाश ठेवलं, पाण्याचं भांडं ठेवावं तसं.

कातडी जळल्याचा वास आला.

“मामी, हात!”

“हाताले काय झालं?” म्हणाली अन् मग स्वतःच तळव्यांकडे पाहिलं. बोटं बिब्यानं काळी पडली होती, जुने फोड फुटले होते, त्यावर आता नवी चामडी सोललेली. ती रोज त्याच उघड्या बोटांनी माझ्या गालाले बिबा चोळत होती.

“मागच्या पोळ्यापासून हाताले काही समजत नाही व,” ती हळूच म्हणाली. “मले वाटलं, माझ्यापासूनच तुले रोग लागला. म्हणून पोरीले घेत नव्हती. झोपडी माझ्यासाठी आहे, दुर्पता. माझ्या पोराले, मन्याले सांगू नको, तो जाऊ देणार नाही.”

फुलवंता रांगत रांगत तिच्याकडे निघाली, तशी मामी भिंतीले चिकटली. “धर तिले! धर!” मी झडप घालून पोरीले उचललं अन् खोटं कायले बोलू, मी मागे सरली. पतिरामच्या बायकोपासून लोक सरत तशी. मामीनं ते पाहिलं. “बराबर केलं,” म्हणाली.

त्या दोन शब्दांनी माझं काळीज फाटलं. मी पोरीले पाळण्यात टाकलं अन् माझ्या मलमाची वाटी घेऊन तिच्यापुढे येऊन बसली. भेव काही गेलं नव्हतं.

“झोपडीत कोणी जाणार नाही,” मी म्हटलं. “गोंदियाच्या दवाखान्यात जाऊ. आता म्हणे गोळी निघाली आहे त्याच्यावर. यात बिबा नाही, मामी. हात पुढे करा. डोळे मिटा, अन् दुखलं की सांगा.”

तिनं शहाण्या लेकरासारखे डोळे मिटले अन् हात पुढे केला. मी मलम बोटावर घेतलं.

“दुखते का?”

“दुखते ना,” मामी लगेच म्हणाली. “दुखून राहिलं, बाई.”

मी अजून तिच्या हाताले बोट लावलंच नव्हतं.