तीन तारांचे घर

आमच्या घरात विजेचा पहिला दिवा लागला तो माझ्या हुकमाने. त्रेसष्ट साली थ्री-फेजची, म्हणजे तीन तारांची, जोडणी घ्यायचे ठरले, ते मात्र मला नुसते कळवण्यात आले. हा फरक मी मनात नोंदवून ठेवला.

थोरला हरिसिंग म्हणाला, ओसरीत पिठाची गिरणी बसवू, तिची मोटार साध्या जोडणीवर चालत नाही. शिवाय दळणासाठी बोरी अरबला जाण्यात सुनांची अख्खी दुपार मोडते. कारण खरे होते. पण खरे कारण पुढे करून भलतेच काम उरकणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दारव्ह्याहून फुलचंद वायरमन आला. भिंतीवरच्या फळीवर त्याने चिनी मातीचे तीन फ्यूज ओळीने बसवले. घरातले दिवेही तिन्ही तारांवर सारखे वाटून द्यावे लागतात, नाहीतर एकीवरच भार येतो, असे त्याने मला समजावले. मला ते वाटणे टोचले. माझे मुलगे तीन, हरिसिंग, बाबूसिंग आणि खेमसिंग, चूल एक. मालक गेल्यापासून ती एक राखण्यातच माझे केस पिकले.

कोणती खोली कोणत्या तारेवर, हे कोणी ठरवले, असे मी विचारले. थोरल्या भाऊंनी, असे तो म्हणाला. हरिसिंग तेव्हा गोठ्याकडे पाहत उभा राहिला. गोठ्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

दिवेलागणीला मी घरातले सगळे दिवे लावायला सांगितले आणि फुलचंदकडून एकेक फ्यूज काढवून परत बसवून घेतला. पहिला निघाला तेव्हा हरिसिंगची खोली आणि स्वयंपाकघर अंधारले. दुसऱ्याने फक्त बाबूसिंगची बाजू गेली, तिसऱ्याने फक्त खेमसिंगची. एका भावाचा दिवा दुसऱ्याच्या तारेवर चुकूनसुद्धा नव्हता. सुना पदर सावरीत आत गेल्या.

"हरी, वाटणी मांगाची होती तं तोंडानं मांगतास," मी म्हणाले. "भिंतीतून कायले?"

"वाटणी नाही, याडी. गिरणी तं तिघाईचीच राहीन. उद्या कोनाचं पटलं नाही, तं भिंत फोडा लागू नये म्हणून."

माझे सासरे लदेणी करीत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालीत. चार भावांचा माल एकाच तांड्यात असे, पण थोरल्याच्या बैलावर धाकट्याची गोणी आणि धाकट्याच्या बैलावर मधल्याची. वाटेला फाटा फुटला तरी एकट्याने वळण्याची कोणाची सोय नसे.

मी फुलचंदला फळीसमोर पुन्हा उभे केले आणि माझे घर नव्याने लादले. हरिसिंगची खोली आणि खेमसिंगच्या बाजूची ओसरी एका तारेवर, स्वयंपाकघर आणि बाबूसिंगची खोली दुसरीवर, खेमसिंगची खोली आणि गोठ्याचा दिवा तिसरीवर. भार सारखा राहील ना, एवढेच विचारले.

"राहीन, माय. पन सारी वायर उकलून पुन्हा टाका लागन."

"टाक."

गिरणी चांगली चालते. हरिसिंगने त्यानंतर वाटणीचा विषय काढलेला नाही. माझी खाट मी फ्यूजच्या फळीखाली हलवून घेतली आहे.