क्षणभर गुलाबी

मी एक जुनी निळी पेटी आहे, मित्रांनो, आणि माझ्या हातून एकदा चक्क खोटी साक्ष दिली गेली. ते आठवलं की अजून माझ्या बाटल्या थरथरतात.

माझ्या पोटात दोन औषधांच्या बाटल्या, काचेची एक नळी आणि रंगांचं एक कार्ड आहे. घरामागच्या गरम पाण्याच्या टबातलं पाणी नळीत घ्यायचं आणि त्यात थेंब टाकायचे. पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असेल तर ते गुलाबी होतं. फिका गुलाबी म्हणजे थोडं, गडद म्हणजे जास्त. दुकानात माझ्या शेजारी कागदी पट्ट्या आणि आकडे दाखवणारं यंत्र होतं, पण या घरातल्या बाबांनी मलाच उचललं. पहिली दोन वर्षं माझा काय थाट होता! पाहुणे आले की बाबा मला मुद्दाम उघडून दाखवत.

मग एके दिवशी आई म्हणाली, "अहो, थेंब मोजत बसायला वेळ कुणाला आहे?" घरात पट्ट्या आल्या. बुडवली, पाहिली, टाकली, झालं काम! मी रंगांच्या डब्यांमागे जाऊन पडले. माझ्या झाकणावर कोळ्यानं जाळं विणलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

या घरची नऊ वर्षांची मुलगी सतत गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा आतला पाय काडीसारखा झाला होता आणि कातडी नुसती पापुद्र्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "रोज कोमट पाण्यात पाय हलवा, पण पाणी स्वच्छ हवं." बाबांनी मनावरच घेतलं. तीन दिवस पट्टी क्लोरीन नसल्यासारखी पांढरीफटक निघत होती आणि बाबा दर वेळी क्लोरीनची पूड ओतत होते. चौथ्या दिवशीही पट्टी पांढरीच!

"या पट्ट्या दमट झाल्यात. जुनं ते सोनं," असं म्हणत बाबांनी मला बाहेर काढलं, पुसलं, माझ्यासाठी ताजी औषधं आणली. मी हरखूनच गेले. आता दाखवतेच या पट्ट्यांना!

भिंगरी काठावर बसली होती. बाबांनी नळी भरली, थेंब टाकले, इतक्यात ती म्हणाली, "बाबा, दुखेल का हो?" बाबांनी मान वळवून तिच्या केसांवरून हात फिरवला. परत पाहिलं तर नळीतलं पाणी नितळ.

"बघा, पेटीही तेच सांगते! क्लोरीन अजिबात नाही." त्यांनी आणखी दोन चमचे पूड ओतली. "पाच मिनिटं थांब, मग उतर."

अरे देवा! मी जागच्या जागी गार पडले. कारण माझ्या नळीत गुलाबी रंग आला होता, मित्रांनो! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो उडाला होता. असं आपल्याकडून होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. ओरडायचं तर तोंड कुठे आहे मला?

दारात आत्या उभी होती, बाबांची थोरली बहीण. कापड रंगवण्याच्या कारखान्यात तिची तीस वर्षं गेली होती.

"पाय वर घे आधी!" ती अशी कडाडली की भिंगरीनं दोन्ही पाय पोटाशी घेतले. "अरे, रंग आला होता. मी पाहिला. आला आणि उडाला."

"ताई, पट्टीही पांढरीच आहे," बाबा म्हणाले.

"तीही उडालेलीच! क्लोरीन फार झालं की ते रंगच खाऊन टाकतं. आमच्या कारखान्यात हेच तर करायचो. हे बघ." काल टबात लोंबत राहिलेल्या निळ्या टॉवेलचं टोक तिनं पुढे धरलं. ते दुधासारखं पांढरं झालं होतं.

बाबांना अजून पटेना. मग आत्यानं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, त्याचे नऊ भाग घेतले आणि टबातल्या पाण्याचा एकच भाग मिसळला. नळी भरली, थेंब पडले. यावेळी कुणी मान वळवली नाही. पाणी गडद गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. कार्डावरच्या शेवटच्या, सर्वांत गडद खणाशी ते जुळलं. टबात त्याच्या दहापट क्लोरीन होतं!

बाबांनी पुडीचा डबा दूर सारला. त्यांचं लक्ष भिंगरीच्या त्या पातळ कातडीकडे गेलं आणि त्यांनी टबाचं पाणी सोडून दिलं. आईनं तिला उचलून आत नेलं. माझी औषधं ताजी होती, मी खरी होते, तरी माझ्यावर विश्वास ठेवून एक बाप लेकीला त्या पाण्यात उतरवत होता.

टब रिकामा झाल्यावर पुन्हा भरला. दोन दिवसांनी भिंगरी पाण्यात उतरली. आता चाचणी तीच करते आणि पहिल्या थेंबापासून पापणीही हलवत नाही.

मित्रांनो, पट्टी घ्या, थेंब घ्या, नाहीतर यंत्र घ्या. मला रंगांच्या डब्यांमागे टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण विचारलंत, तर उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहा. त्या दिवशी मी क्षणभर खरं बोलले होते, आणि तेवढा क्षण आत्याची नजर माझ्यावर होती.