गच्चीवरची पंगत

कोंडू आणि देवजी या सख्ख्या भावांनी अकरा वर्षांत एका पंगतीला घास खाल्ला नव्हता. बापाच्या मागे बैलांची जोडी वाटणीत फुटली. देवजीने आपल्या वाट्याचा बैल विकला आणि टेंपोत भागी घेतली. त्या साली खळ्यावर दोघांनी भाताची मूठ हातात धरून शपथ वाहिली, तुझ्या घरचं अन्न मला वर्ज्य. मग देवजी बायकोला घेऊन शहापुरात राहायला गेला. कोंडू खर्डीपासून आत गावातच राहिला. दर पावसाळ्यात भाताच्या आवणीला, रोपं लावायच्या वेळी, तो आपल्या एकट्या बैलाच्या जोडीला शेजाऱ्याचा बैल मागून आणायचा.

या अकरा वर्षांत झुरली ती कोंडूची बायको गिरजा. ती लग्न होऊन आली तेव्हा देवजी पाच वर्षांचा, आईविना. नवऱ्याशी धड बोलायची चोरी असलेल्या त्या वयात तिने या पोराला मांडीवर घेऊन भात भरवला. पहाटे जात्यावर बसली की अजूनही तिच्या तोंडी यायचं,

दीर नाय गो माझा, ह्ये तं पोटीचं लेकरू
न्हाऊमाखू घातलं, चाटलं गाईनं वासरू

शहापूरच्या बाजारात ती आणि तिची जाऊ जनी चोरून भेटायच्या. तिथेच एकदा सुक्या मासळीच्या पाट्यांपाशी जनीने डोकं चालवलं.

"बाय, शपथ घरच्या अन्नाची हाय ना?"

"मग?"

"मग हाटेल कुणाचं घर हाय?"

इतकी वर्षं गिरजाला हे सुचलं नव्हतं.

जागा देवजीने ठरवली. आटगावच्या पुढे हायवेला नवं हॉटेल झालं होतं. खाली काच, वर गच्चीवर बार आणि जेवण. मुंबईच्या गाड्या तिथे थांबायच्या. ते बांधलं जात होतं तेव्हा वाळू देवजीच्याच टेंपोने आली होती. "मला तिथं सगळे वळखतात," तो जनीला बोलला. "दादाला बघू दे तरी, त्याचा भाऊ कुठं पोचलाय."

कोंडूला राजी करायला गिरजाला तीन आठवडे लागले. शेवटी अंगणात दोरी वळता वळता तो बोलला, "घर नाय ना त्याचं?"

"नाय वो."

"मग येतो. सगळ्यांची पानं वाढून झाली की वाडवडिलांचा घास बाजूला काढीन, आनि दुसरा त्याच्या हातावर ठेवीन. तू मधी बोलू नको काय."

समेट असाच व्हायचा त्यांच्या लोकांत. पंगतीतलं शेवटचं पान वाढून होईपर्यंत कुणी अन्नाला हात लावायचा नाही. मग थोरल्याने दुसऱ्याच्या तळहातावर घास द्यायचा. तो पोटात गेला की मागचं सगळं संपलं.

पौषातली दुपार होती. चौघं जिना चढून वर आली. कोंडूने धुवट सदरा घातला होता आणि टोपीला नीळ दिली होती. समोर माहुलीचा डोंगर उन्हात कोरडा उभा होता. टेबलांवर मोठमोठ्या छत्र्या उघडून ठेवल्या होत्या.

"पाऊस नाय न काय नाय, छत्र्या कशाला रे?" कोंडूने विचारलं.

अकरा वर्षांनी भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. देवजी लहान पोरासारखा हसला. "दादा, उन्हाला असतात त्या."

"उन्हाला घाबरतात नि गच्चीवर जेवतात. अजबच हायत माणसं."

जनी पदरात तोंड लपवून हसली. गिरजाने मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलून टाकला.

कठड्याजवळच्या टेबलावर चौघं बसली. काळं जाकीट घातलेला वेटर आला. "ड्रिंक्स में क्या लेंगे?"

"जेवायला आलोय," देवजी बोलला.

"ये टेबल ड्रिंक्सवालों का है. आप उधर बैठिये." त्याने पाण्याच्या टाकीकडे हात केला.

"मॅनेजरला बोलव. देवजी आलाय बोल."

मॅनेजर आला. देवजी उठून उभा राहिला, हसला. मॅनेजरने त्याच्या चपलांकडे पाहिलं. "कौन देवजी?"

"मी... वाळूवाला. ही पायाखालची वाळू माझ्या टेंपोनं आलीय."

"अच्छा. फिर भी, प्लीज."

चौघं उठली. टाकीच्या बाजूला छत्री नव्हती. मागे स्वयंपाकघराचा पंखा गरम तेलकट वारा फेकत होता. त्या पंख्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागे. जनीने जाड पुठ्ठ्याचं मेनूकार्ड उलटसुलट केलं. "ह्ये वाचूनच पोट भरायचं काय?" पण आता कुणी हसलं नाही.

देवजीने आपल्याला आणि जनीला कोंबडी-रोटी सांगितली. गिरजाने भाजी सांगितली. कोंडू बोलला, "मला डाळभात बास." वेटरने काहीच लिहून घेतलं नाही.

पाऊण तासाने देवजीचं ताट आलं. बऱ्याच वेळाने जनीचं. मग गिरजाची भाजी, नुसतीच, तिच्याबरोबर रोटी नाही. ती मागाहून आणून टाकली. कोंडूच्या पुढ्यात मात्र रिकामी काचेची बशी, काटा आणि चमचा. तिघांच्या ताटांवरची वाफ विरली. रश्श्यावर तुपकट साय धरली. हात कुणीच लावला नाही. चौघांचेही हात मांडीवर होते.

"डाळभात?" देवजीने दर खेपेला विचारलं.

"आ रहा है."

कठड्याजवळ गाडीतून उतरलेली माणसं बसली होती. त्यांच्यापुढे बशा येत होत्या, जात होत्या. कोंडू डोंगराकडे बघत होता. गिरजाला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. भूक त्याला सोसत नसे आताशा. ती पुटपुटली, "येईल वो आता."

"मी कुठं काय बोललो?"

वेटर पुन्हा आला. भरलेली ताटं तशीच बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "पसंद नहीं आया क्या? टेबल खाली करना है. ले जाऊँ?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने देवजीच्या ताटाला हात घातला. ताट उचललं.

देवजीने घाईघाईने ताटाची कड पकडली. "अरे, खातोय ना!" तो ओरडला. आणि खातोय हे दाखवायला त्याने रोटीचा तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला.

वेटर ताट सोडून निघून गेला.

घास देवजीच्या तोंडातच राहिला. तो चावेना, गिळेना. त्याने दादाकडे पाहिलं. कोंडू आपल्या पुढ्यातल्या रिकाम्या बशीकडे बघत होता. मग त्याने टोपी नीट केली आणि तो उठला. खुर्ची मागे सारल्याचा आवाज तेवढा झाला.

"अवो, त्यानं ताट धरलं फकस्त," गिरजा बोलली. मधे बोलायचं नाही हे ती विसरली. "नेत होता तो मेला!"

कोंडू जिना उतरायला लागला होता.

खाली हायवेच्या कडेला देवजीने त्याला गाठलं. "दादा! दादा, थांब ना रे."

कोंडू थांबला. "मला ठाव हाय. तू ताट धरलंस."

"मग चल वर. दुसरं सांगतो. सगळं नव्यानं मांडायला लावतो."

"पंगत मोडली देवजी. मोडलेल्या पंगतीत थोरल्यानं घास द्यायचा तरी कुणाला?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गिरजाने कसातरी शांत केला असता. "आपल्या नशिबात नव्हतं ते. पुना जमवू नका."

देवजी पाय धरायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. उजवा हात उष्टा होता. रश्श्याचा तेलकट लाल रंग बोटांवर तसाच. त्या हाताने थोरल्याच्या पायाला कसं शिवायचं? एका हाताने पाय धरत नाहीत. तो तसाच वाकलेला राहिला, हात अंगापासून लांब धरून. जनी मागून पदराला डोळे पुसत आली. पाण्याचा तांब्या कुणाकडेच नव्हता.

खर्डीकडे जाणारी जीप आली. कोंडू पुढे बसला. गिरजा मागे चढताना क्षणभर थबकली. त्या पोराचं तोंड आपल्या पदराने पुसावं असं तिच्या फार मनात आलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती बसली.

हॉटेल पार मागे पडलं. मग पुढून कोंडूने मान न वळवता विचारलं, "घरी काय हाय खायला?"

"सकाळचा भात हाय."

"तुला पन पुरंल ना?"

"मला नको," गिरजा बोलली.