वीतभर पायरी

मिस्त्रीने पिकअपचं दार उघडून धरलं आणि वहिनींनी पाय उचलला. तो जमिनीपासून एक वीत वर आला आणि तिथेच थांबला. गाडीत चढायची जागा त्यांच्या मांडीपर्यंत होती. त्यांनी दुसरा पाय उचलून पाहिला, त्याचंही तेच. मग दाराला धरून उभ्या राहिल्या आणि हसल्या. मी ग्रीसचं फडकं हातात घेऊन बाजूला उभा होतो. मला काही हसू आलं नाही, कारण ही सगळी करामत माझी होती.

मी वेल्डर. मिस्त्रीच्या गॅरेजच्या अर्ध्या शेडमध्ये बावीस वर्षं माझं बस्तान आहे. वहिनी म्हणजे त्याची बायको. त्यांचं माहेर डोंगरापलीकडे. अकरा वर्षांपूर्वी दरड कोसळून तिथला रस्ता गेला, गावातली माणसं खाली येऊन राहिली, आणि रस्ता परत कुणी बांधला नाही. चालत जावं, तर वहिनींचे गुडघे कधीचे संपावर गेलेले. भिंती पडल्या असतील तर पडू देत, मला नुसतं एकदा अंगण बघायचंय, असं त्या अधूनमधून म्हणायच्या.

मिस्त्रीने ते मनावर घेतलं. एक जुनी पिकअप आणली आणि दीड वर्ष, गिऱ्हाइकांची कामं उरकली की, तिच्यामागे लागला. स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली, ट्रकला शोभतील असे टायर घातले. ओढ्यात इंजिनाने पाणी पिऊ नये म्हणून हवेची नळी छपरापर्यंत नेली. चिखलात रुतलीच तर ओढून काढायला पुढे विंच बसवली. गाडीच्या पोटाखालून केवढा दगड जाईल, हे तो जमिनीवर पालथा पडून बघायचा. सगळं मोजलं, बायकोचा गुडघा तेवढा मोजायचा राहिला, असं लोक नंतर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, त्याने तोही मोजला होता. एके दिवशी लोखंडाची पट्टी घेऊन तो माझ्याकडे आला. दाराखाली एक पायरी लाव, अगदी खालपर्यंत येणारी, म्हणाला. मी पोट धरून हसलो. एवढी गाडी उचलायची आणि खाली पायरी लोंबत ठेवायची? पहिल्याच दगडाला अडकेल, आणि लोक म्हणतील मिस्त्रीने म्हाताऱ्यांची बस काढली. आमच्या धंद्यात गाडीखाली बोटभर जागा मिळावी म्हणून माणसं जीव टाकतात. मिस्त्री ओशाळला. पट्टी कोपऱ्यात ठेवून निघून गेला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

तर वहिनींचा पाय अडला त्या दिवशी मी धावत जाऊन स्टूल आणलं. वहिनी त्यावर चढल्या, स्टूल डगमगलं, त्या घाबरून खाली उतरल्या. मिस्त्रीने स्टूल उचलून बाजूला ठेवलं. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "गाडी झकास झालीय. पुढच्या रविवारी जाऊ. भाऊजी, तोवर काहीतरी पायरी-बियरी करा मला."

करतो, म्हणालो. मंगळवारी म्हणालो उद्या, बुधवारी एका बंगल्याचं फाटक आधी हातात घेतलं. रविवारपर्यंत वेळ होता ना! शुक्रवारी सकाळी कपडे वाळत घालताना वहिनी खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

महिन्याने मिस्त्रीने शेड उघडली. कोपऱ्यातली पट्टी उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

"जमिनीपासून एक वीत," तो म्हणाला. "जास्त नको."

मी वीत लावली आणि पायरी जोडली. वेल्डिंगच्या मुखवट्याचा एक फायदा असतो, आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. त्या दिवशी मी तो बराच वेळ काढला नाही.

रविवारी निघालो. मी पुढे बसायला गेलो, तर तो मला मागे बस म्हणाला. मी मागच्या हौद्यात बसलो. पुढची सीट रिकामीच राहिली. गाडीने ओढा पार केला, दरडीचा चढ धरला, आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. पायरी दगडाला अडकली. मी उडी मारून खाली बघितलं आणि म्हणालो, पहारीने पाडून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे.

"नको," मिस्त्री म्हणाला. "गाडी मागे घेतो. दुसरीकडून जाऊ."

असं तीनदा झालं. तासाभराच्या चढाला अर्धा दिवस लागला.

वर भिंती पडल्याच होत्या. अंगण मात्र होतं. त्यात गुडघाभर गवत आणि एका कडेला कपडे धुवायचा दगड. मिस्त्रीने गाडी वळवून पायरीच्या बाजूचं दार अंगणाकडे येईल अशी उभी केली. उतरून त्या बाजूला आला, दार उघडलं, आणि खाली बसून बाहीने पायरीचा चिखल पुसला. मग तिच्याखाली वीत लावली. दगडांना घासून घासून ती चार बोटं वर गेली होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पहार आणली आणि जोर लावून पायरी पुन्हा खाली वाकवली. त्याने परत वीत लावून पाहिली, मान हलवली, आणि दार उघडंच ठेवून बाजूला उभा राहिला.