नॉर्वेला गेलेल्या शिट्ट्या

आमच्या तळवड्याच्या शेडमध्ये त्या वस्तूला सगळे शिट्टीच म्हणतात. पांढरी, केळ्याएवढी. नॉर्वेतले कोळी ती जाळ्याला बांधतात. पाणी लागलं की ती वाजते आणि पॉरपॉईज नावाचा प्राणी जाळ्यापासून लांब जातो. सुपरवायझर स्नेहल मॅडमनी आम्हाला तो मोबाईलवर दाखवला होता. डॉल्फिनसारखाच, पण ठेंगणा. पिलाला दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो, जाळ्यात अडकला की गुदमरून मरतो. त्याला जबड्यातून ऐकू येतं म्हटल्यावर आम्ही बायका हसलो होतो.

माझं काम शेवटचं. शिट्टी ओल्या स्पंजवर टेकवायची, आवाज ऐकायचा, कागदावर सही करायची. सही मी पन्नाशी उलटल्यावर शिकले.

लहानपणी माझे कान वाहायचे. आता शिट्टीचा तो बारीक आवाज मला ऐकू येईनासा झाला होता. घरात कमावणारी मी एकटी, म्हणून कुणाला बोलले नाही. शिट्टीची थरथर बोटाला लागली की सही करत होते.

त्या दिवशी चारच्या सुमाराला शेजारच्या दीपमालानं मी पास केलेली एक शिट्टी सहज स्पंजवर टेकवली.

"मावशी, ही वाजंना की. लक्ष कुठं हाय, नातवाकडं का?"

मी हसून ती बाजूला ठेवली. मग हात टेबलावर टेकवला. भिंतीतल्या मोठ्या पंख्यानं सगळं टेबलच थरथरत होतं. तो पंखा रोजच चालू असतो.

पाचला माल न्यायला टेम्पो येणार होता. दीपमाला चहाला गेली तशी मी एक शिट्टी ओली करून जबड्याच्या हाडाला लावली. आवाज स्वच्छ आला. दुसरीचाही आला. तिसरी मुकी होती.

त्या दिवशीची खोकी दोनच होती. हात भराभर चालवला. पाच मुक्या निघाल्या, त्या मी खराब मालात टाकल्या. कुणाला काही कळलं नसतं. पण आधीची खोकी केव्हाच गेली होती. आतापर्यंत ती जाळ्यांना बांधून पाण्यातही उतरली असतील.

मी मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"कौशल्यामावशी, कधीपासून ऐकू येत नाही?"

आजपासून म्हटलं असतं, तर प्रकरण दोन खोक्यांवर मिटलं असतं.

"रथसप्तमीपासून," मी म्हणाले. त्याला दोन महिने होऊन गेले होते.

त्यांनी फाईल ओढली आणि त्या माझ्या सह्यांची पानं एकेक करून मागे उलटत गेल्या.