रॅव्हिओलीची मुरड

दूध नासलं तर बाई हळहळते. आमच्या प्राचीनं ते मुद्दाम नासवलं, तेही भाऊबिजेच्या सकाळी, आणि नासायला वेळ लागतोय म्हणून वर लिंबाची दुसरी फोड पिळली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. साठीला आलेल्या बाईचं काय काय बघायचं राहिलंय, ते देव एकेक करून दाखवतो.

"कायले नासवून राह्यली व ते? आज गवळ्यानं कधी नाही ते बिनपाण्याचं देल्लं."

"चीज करून राह्यली, आई. दादा येणार ना जेवाले. पानात काहीतरी पाहिजे."

प्राची माझी सून. सलील माझा एकुलता एक, तो फेब्रुवारीत गेला, तेव्हा त्यांच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. घरात माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर कढई चढत नाही. दिवाळी आली तरी करंजी नाही, चकली नाही, तळणाचा वाससुद्धा घरात नको. शेजारच्या हंसाबाईनं रीतीप्रमाणे फराळाचा डबा आणून दिला होता. पण प्राचीचा भाऊ मंदार अमरावतीहून ओवाळून घ्यायला येणार आणि त्याच्यापुढे मी दुसऱ्याच्या हातचं ठेवणार, हे माझ्या जिवावर आलं होतं. हे तिनं ओळखलं असणार.

"याले तळत नाही, आई. पाण्यात उकडायचं. कढई लागतच नाही, पातेलं लागते."

पळवाट काढावी तर वकिलानं, नाहीतर सुनेनं. मी पदर खोचला आणि आत गेले.

पदार्थाचं नाव रॅव्हिओली. माझ्या तोंडात ते बसेना. मी "रावळी" म्हणाले तर प्राची खुदकन हसली आणि लगेच घाबरून बाहेरच्या खोलीत बसलेल्या सासऱ्यांकडे बघायला लागली. या घरात हसण्याची तेवढी सवय मोडली होती. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दोघं नागपूरला गेले होते, तिथं एका हॉटेलात त्यांनी हे खाल्लं. घरी आल्यावर सलील मला म्हणाला होता, "आई, इटलीतले लोकही करंज्या करतात. पण बिचाऱ्याइले तळता येत नाही, उकडून टाकतात." प्राचीनं मग कुठल्याशा मासिकातून कृती वहीत उतरवून घेतली. पुढच्या दिवाळीत करू म्हणाले होते.

फाटलेलं दूध तिनं फडक्यात गाळलं आणि नळाला टांगलं. मी वरवंटा आणायला निघाले तर म्हणाली, "दाबायचं नाही, आई. दाबलं का पनीर होते. याले सैल राहू द्यायचं." मग त्यात मीठ, भरड मिरी आणि थोडं जायफळ. जायफळ ऐकल्यावर मला जरा धीर आला. म्हणजे अगदीच परकी माणसं नव्हेत ती. कणकेत अंडं घाला असं लिहिलं होतं. मी नुसतं बघितलं, तर तिनं त्या ओळीवर बोट ठेवून ती झाकूनच टाकली. मैदा, मूठभर रवा आणि दूध घालून करंजीसारखीच कणीक मी घट्ट मळली. टोमॅटोच्या रश्श्यात तुळशीसारखी कसलीशी पानं घालायला लिहिली होती. प्राची खिडकीतून अंगणात बघायला लागली.

"वृंदावनाले हात लावशील तर पाह्य," मी म्हणाले. कोथिंबिरीवर तडजोड झाली.

हे सगळं मी गमतीनं सांगतेय, पण त्या दिवशी मला एक धास्ती होती. आठ दिवसांपूर्वी मंदारचा फोन आला, तेव्हा मी पलीकडच्या खोलीत वाती वळत होते आणि प्राचीच्या उलट विचारण्यातून मला सगळं कळलं. तिच्यासाठी स्थळ आलं होतं, अकोल्याचा मुलगा, बँकेत. त्याला सगळं माहीत होतं आणि तो तयार होता. भाऊबिजेला मंदार प्राचीला घेऊन जाणार, मग माहेरीच बघण्याचा कार्यक्रम. प्राची फोनवर म्हणाली, "आईंना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही, दादा." आणि आठ दिवसांत तिनं मला काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. चांगली सासू म्हणून माझं चार घरांत नाव आहे, पण सरळ सांगते, मला ती हवी होती. सलीलबद्दल बोलता येईल असं त्या घरात दुसरं कोण होतं?

हे होते, पण नसल्यासारखे. नंदकिशोर, माझे यजमान, कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारी करायचे. त्या साली कापसाचे हाल आमच्या जिल्ह्यात ज्यानं त्यानं पाहिले. केंद्राबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चार-चार दिवस रस्त्यावर उभ्या असत, माणसं कापसावरच झोपत. सलील गेला त्या दिवशी पाच वाजता मोजणी थांबवली ती यांनी. नियमच होता तसा. रांग तिथल्या तिथं राहिली. सलील राळेगावच्या शाळेत शिकवायचा, तिथून मोटरसायकलनं परत येत होता, अंधार पडला होता, आणि रांगेतल्या शेवटच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. मीसुद्धा नाही. पण तेव्हापासून हे खिडकीजवळ बसतात, विचारलं तर हो-नाही म्हणतात, आणि कापसाची आठवण नको म्हणून पांढरं धोतरसुद्धा नेसत नाहीत.

तर आम्ही समोरासमोर बसलो. मी लाट्या लाटत होते, प्राची मधे चीज ठेवून, पाण्याचं बोट फिरवून, वर दुसरी पारी टाकत होती आणि कडा काट्याच्या चमच्यानं दाबत होती. थोड्या वेळानं मी म्हणाले, "आण, मीही भरतो." मी पारी दुमडली आणि माझी बोटं कडेवर चालायला लागली. दुमड, दाब, दुमड, दाब. चाळीस वर्षांची सवय. पण खोटं कशाला बोलू, नुसती सवय नव्हती ती.

आमच्याकडे घरातून माणूस लांब निघालं की त्याच्या डब्यात मुरडीचे कानोले, म्हणजे कड मुरडलेल्या करंज्या, देतात. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, परत जायला उठतात त्या दिवशीही त्यांच्या नैवेद्याला तेच. कडेला मुरड घातलेली असते ना, म्हणून निघालेल्यानं मुरडून यावं, परत यावं. सलील रोज राळेगावला जायचा. रोज कोण कानोले करतं? ते माझ्या मनात काट्यासारखं राहिलं होतं.

"आई, काट्यानं नुसतं दाबायचं असते," प्राची हळूच म्हणाली.

"असू दे. मुरड घातली का सुटत नाही."

तिचा हात थांबला. तीही याच मुलखातली पोर, तिला सांगायला नको होतं. तिनं माझ्या ताटाकडे बघितलं, एकूण एक मुरडलेल्या, आणि मान खाली घातली. मग ती पुन्हा काटा दाबायला लागली.

पातेल्यातलं पाणी खळखळलं आणि आम्ही सगळ्या सोडल्या. प्राचीच्या सगळ्या वर तरंगून आल्या, नीट, फुगलेल्या. माझ्यातल्या दोन फुटल्या आणि पाणी पांढरं झालं. उरलेल्या तिनं झाऱ्यानं काढल्या, मी एक चावून बघितली. मधे शिजली होती, पण कडेला, जिथं मुरडीनं पीठ दुहेरी-तिहेरी झालं होतं, तिथं कच्ची. तेलात मुरड खुसखुशीत होते. पाण्यात ती कच्चीच राहते, हे मला कोण सांगणार?

यांना ताटली नेऊन दिली. यांनी सगळं खाल्लं, पण प्रत्येकीची कड तोडून ताटलीच्या काठाला ठेवत गेले. "कच्चं हाय," एवढंच म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत मोठं बोलणं असेल.

प्राचीनं मात्र माझ्याच घेतल्या होत्या. स्वतःच्या चांगल्या शिजलेल्या तिनं मंदारसाठी झाकून ठेवल्या आणि माझ्या, त्या कच्च्या, कडेसकट चावून खात होती. पीठ दाताला चिकटत होतं, दिसत होतं मला.

"कच्च्या आहेत ना व?"

"नाही, आई. छान झाल्या."

आणि तिनं आणखी एक घेतली.

मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला लख्ख कळलं. ही पोर मला नाही म्हणणार नाही. आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. पंचविशीची मुलगी माझ्या कच्च्या पिठाला छान म्हणत या घरात म्हातारी होईल, आणि मी तिला होऊ देईन. सलील असता तर माझ्या हातातून ताट काढून घेतलं असतं त्यानं.

मंदार बाराला आला. ओवाळणं झालं, जेवण झालं. इटलीची करंजी त्याला फार आवडली. मग त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि चाचरत म्हणाला, "काकू, प्राचीले चार दिवस घेऊन जाऊ का?"

मी तोंड उघडायच्या आत प्राची बोलली. "मी नाही येत, दादा. बाबांची तब्येत बरी नाही. आई एकट्या पडतात." तिनं हे इतक्या सहज म्हटलं की आठ दिवस तिनं तेच घोकलं असणार.

खरं सांगते, माझ्या आतून एक उकळी आली आनंदाची. ती तशीच गिळून मी म्हणाले, "मंदार, बस पाच मिनिटं. डबा देतो."

उरलेली कणीक मी लाटायला घेतली. प्राची मागोमाग आली. मी चीज भरलं, वर पारी टाकली, काट्याचा चमचा घेतला आणि दाबला. एक झाली. दुसरी झाली. प्राची ओट्याला टेकून बघत होती.

"आई, मुरड?"

"नाही घालत."

"आई, मी कुठी जाऊन नाही राह्यली. मी सांगतलं ना दादाले."

"मी ऐकलं," मी म्हणाले. "अकोल्याचंही ऐकलं, त्याच दिवशी. आठ दिवस मुद्दाम गप्प बसली मी. तुले नाही म्हणता येत नाही, हे मले माहीत होतं, आणि त्याचाच फायदा घेऊन राह्यली होती. मुलगा पाह्य. चांगला असला तर हो म्हण. माझ्याकडे पाहून नाही म्हणशील तर मले आवडणार नाही."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, माझ्या पिठाच्या हातांनी तिच्या साडीवर पांढरे पंजे उठले. पातेल्यातलं पाणी उतू गेलं तेव्हा कुठं आम्ही वेगळ्या झालो. या वेळी एकही फुटली नाही, एकही कच्ची राहिली नाही. मी डबा भरला.

मंदारनं बाहेर ऑटो थांबवला होता. यांनी खिडकीतून उठून दारापर्यंत यायचे कष्ट घेतले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "डबा पोटाजवळ धरजो... ऊन हाय." त्यांचं त्यांनाच काय म्हणायचं होतं ते कळलं नसावं. प्राची त्यांच्या पाया पडली, मग माझ्या. उठली, डबा छातीशी धरला आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाली,

"येते, आई."

आमच्यात उंबऱ्यावरून निघालेल्या माणसाला कुणी दुसरा शब्द बोलत नाही. "ये" म्हणतात. शत्रूलाही "ये"च म्हणतात. ती माझ्या तोंडाकडे बघत त्या एका अक्षराची वाट पाहत उभी होती, आणि मी ते म्हटलं असतं तर ती चार दिवसांनी परत आली असती, मला माहीत होतं.

"जा, बाई," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला, मग तिला कळलं. ती ऑटोत बसली. ऑटो वळणावर पोचेपर्यंत मी दारात उभी होते, तिनं एकदा तरी मागं बघावं असं माझ्या जिवाला वाटत होतं. तिनं बघितलं नाही. माझी गुणाची पोर, सांगितलं तसंच केलं तिनं.